आठवड्याला एक पत्र

बँकेतल्या माणसाला चित्रपटाचा नायक करावं असं सहसा कुणाला सुचत नाही. हिंदी चित्रपटात बँक येते ती दरोडा पडण्यापुरती आणि आपल्या मराठी नाटकांत येते ती ‘मुलगा बँकेत आहे’ एवढं मुलीच्या वडिलांच्या कानावर घालण्यापुरती. चौतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढल्यावर याबद्दल माझी काही तक्रार नाही. व्हाउचरं, लेजरं, संध्याकाळी न जुळणारी कॅश यात पडद्यावर दाखवण्यासारखं असतं तरी काय? आणि तरीही जगभरच्या प्रेक्षकांनी ज्या चित्रपटाला गेली कित्येक वर्षं डोक्यावर घेतलं आहे, त्याचा नायक चक्क बँकेतला आहे. पोर्टलंड शहरातल्या एका मोठ्या बँकेचा उपाध्यक्ष. चित्रपटाचं नाव ‘द शॉशँक रिडेम्प्शन’. १९९४ सालचा. दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट, मूळ गोष्ट स्टीफन किंग यांची.

या चित्रपटावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातल्या बहुतेक लेखनात ‘आशा’ हा शब्द चार ओळींआड भेटतो. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत त्यातले तुकडे दाखवतात, तरुण मुलं त्यातली वाक्यं भिंतीवर लावतात. ते चूक आहे असं नाही. पण इतक्या वेळा हा चित्रपट पाहिल्यावर मला असं वाटू लागलं आहे की, आशा म्हणजे छाती भरून येणं असं समजणाऱ्यांनी तो नीट पाहिलेलाच नाही. त्यातली आशा ही भावना नसून कारकुनी आहे. रोजची, कंटाळवाणी, कुणाला न दिसणारी कारकुनी. हे बँकेतल्या माणसाला चटकन कळतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. (शेवटही सांगणार आहे, तीस वर्षांनंतर तेवढी मुभा असावी.) साल १९४७. अँडी ड्युफ्रेन या तरुण बँक अधिकाऱ्यावर पत्नीचा आणि तिच्या प्रियकराचा खून केल्याचा आरोप सिद्ध होतो. खून त्याने केलेला नाही. पण पुरावा विरुद्ध जातो आणि एकापाठोपाठ एक अशा दोन जन्मठेपा भोगायला त्याची रवानगी मेन राज्यातल्या शॉशँक तुरुंगात होते. तिथे त्याला रेड भेटतो. हा रेड म्हणजे तुरुंगातलं वाणसामानाचं दुकानच. सिगारेटपासून भिंतीवर लावायच्या पोस्टरपर्यंत जे म्हणाल ते बाहेरून आणून देणारा. त्याला आत येऊन वीस वर्षं झालेली आहेत. गोष्ट आपल्याला सांगतो तो रेडच. टिम रॉबिन्सने अँडी केला आहे आणि मॉर्गन फ्रीमनने रेड. फ्रीमनच्या त्या खर्जातल्या, घाई नसलेल्या आवाजाशिवाय हा चित्रपट कसा झाला असता याची कल्पनाही करवत नाही. गंमत म्हणजे किंगच्या मूळ गोष्टीतला रेड हा तांबड्या केसांचा आयरिश माणूस आहे. चित्रपटात नावाचा अर्थ विचारल्यावर फ्रीमन गंभीर चेहऱ्याने आपण आयरिश असल्याचं सांगतो, तो हा संदर्भ.

तुरुंगावरचा चित्रपट म्हटला की माझ्या पिढीच्या मराठी प्रेक्षकाला आधी आठवतो तो शांतारामबापूंचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, औंध संस्थानाने भिंती नसलेल्या तुरुंगाचा जो प्रयोग केला, त्याचा आधार घेऊन गदिमांनी ती कथा लिहिली. तिथे सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणारा एक भला जेलर आहे; आशा त्याच्या डोळ्यांतून कैद्यांकडे येते. शॉशँकमध्ये भला जेलर नाही. वॉर्डन नॉर्टन हा हातात बायबल धरून लाच खाणारा माणूस आहे आणि त्याचा पहारेकऱ्यांचा कप्तान हॅडली माणसांना लाठीने मरेपर्यंत बडवतो. वरून काही येणार नाही. जे करायचं ते कैद्याने एकट्याने आणि लपून करायचं. दोन्ही चित्रपट माणसावरच्या विश्वासाचे, पण दोघांचा रस्ता इतका वेगळा.

अँडीची पहिली दोन वर्षं फार वाईट जातात. तुरुंगातली एक टोळी त्याच्या मागे लागते, वारंवार मार खावा लागतो, आणि रेड सांगतो की असंच चालू राहिलं असतं तर तो संपला असता. मग १९४९चा उन्हाळा येतो. एका कारखान्याच्या छतावर डांबर फासायच्या कामाला काही कैदी नेले आहेत, त्यांत हे दोघंही आहेत. पहारा देणारा हॅडली कुरकुरतो आहे. भाऊ मेला, पस्तीस हजार डॉलर मागे ठेवून गेला, आणि आता सरकार कर कापणार. अँडी हातातला झाडू टाकून पुढे जातो आणि त्याला विचारतो, तुमचा तुमच्या बायकोवर विश्वास आहे का?

इथे माझ्यातला निवृत्त अधिकारी दर वेळी कपाळावर हात मारून घेतो. अहो, ग्राहकाशी असं बोलतात का! काउंटरवरच्या सहा महिन्यांच्या पोरालाही कळतं की आधी ‘संयुक्त खातं आहे का’ असं विचारायचं. हॅडली अर्थातच त्याला छताच्या कडेवरून खाली लोटायला निघतो. तशा लोंबकळत्या अवस्थेत अँडी सांगून टाकतो की, कायद्याने पत्नीला एकदाच साठ हजारांपर्यंत बक्षीस देता येतं, त्यावर कर नाही. कागद मी करून देतो, वकिलाची फी वाचेल. बदल्यात माझ्या या सोबत्यांना प्रत्येकी तीन बाटल्या बिअर द्या.

उन्हात डांबराच्या वासात ती माणसं थंड बिअर पितात तो प्रसंग प्रसिद्ध आहे. पण मला आवडतो तो त्यातला हिशेब. अँडी स्वतः पीत नाही. सावलीत बसून दुसऱ्यांना पिताना बघतो आणि हसतो. मरता मरता वाचलेल्या माणसाने आपलं एकमेव कौशल्य वापरून पहिल्यांदा काही मिळवलं, आणि ते स्वतःसाठी मागितलं नाही. त्याला हवं होतं ते वेगळंच: आपल्याला अजून काम येतं, याची खात्री.

पुढच्या एप्रिलपासून तो पहारेकऱ्यांची कराची विवरणपत्रं भरून द्यायला लागतो. पहिल्या वर्षी अर्ध्यांची, दुसऱ्या वर्षी सगळ्यांची, वॉर्डनचंसुद्धा. मग शेजारच्या तुरुंगांतले पहारेकरी बेसबॉलचा सामना खेळायला म्हणून येतात आणि कागद घेऊन रांगेत उभे राहतात. त्या टेबलामागे बसलेला, पेन्सिल कानामागे खोचलेला कैदी मला एखाद्या शाखेतल्या ३१ मार्चच्या संध्याकाळची आठवण करून देतो.

पण या चित्रपटाचा खरा कणा मला विचाराल तर ग्रंथालयाची पत्रं. तुरुंगात ग्रंथालय म्हणून एक कोंदट खोली आहे आणि तिचा कारभारी आहे ब्रूक्स नावाचा म्हातारा कैदी. अँडीच्या मनात येतं की इथे नीट पुस्तकं हवीत. वॉर्डन म्हणतो, पैसे नाहीत. अँडी म्हणतो, मी राज्याच्या सिनेटला आठवड्याला एक पत्र लिहीन. वॉर्डनला गंमत वाटते. लिही बापडा, तिकिटं मी लावतो. उत्तर येत नाही. अँडी लिहीत राहतो. सहा वर्षं.

मी कागदावर गुणाकार करून पाहिला. ३१२ पत्रं होतात. चित्रपटात यातली दोन-तीन सेकंदं दिसतात, बाकीची आपण गृहीत धरायची. शेवटी एक दिवस खोकीच्या खोकी जुनी पुस्तकं आणि दोनशे डॉलरचा चेक येतो. सोबतच्या पत्राचा सूर सरकारी असतो, म्हणजे आता विषय संपला असं समजावं आणि कृपया पत्रं थांबवावीत. एखादा असता तर त्याने देवाला नारळ फोडला असता. अँडी म्हणतो, आता आठवड्याला दोन लिहायची. १९५९ साली सिनेट दरवर्षी पाचशे डॉलर मंजूर करून मोकळं होतं.

अर्ज करणारा हा प्राणी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळ पाहिला आहे. बँकेत असे दोन प्रकारचे लोक येतात. एक भांडतात, साहेबांना भेटायचं म्हणतात, पेपरात देईन म्हणतात आणि चौथ्या दिवशी दिसेनासे होतात. दुसरे दर सोमवारी सकाळी साडेदहाला येतात, हसून नमस्कार करतात आणि ‘आपल्या त्या कामाचं काही?’ एवढंच विचारतात. पहिल्या प्रकाराची फाइल तळाशी जाते. दुसऱ्याची फाइल एक दिवस त्या टेबलावरचा माणूस स्वतःच शोधून काढतो, कारण पुढच्या सोमवारी त्या हसऱ्या चेहऱ्याला तोंड देण्यापेक्षा काम केलेलं परवडतं. अँडी हा दुसऱ्या प्रकारातला. त्याला बँकेची आतली बाजू माहीत होती, म्हणून कार्यालय नावाचा डोंगर कसा हलतो हेही माहीत होतं.

मी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या त्या याच हिशेबाने. रात्री जेवणं झाल्यावर एक पान. बदल्या झाल्या, भाड्याची घरं बदलली, पानाचा नियम बदलला नाही. पहिली कादंबरी पुरी व्हायला नऊ वर्षं लागली. लोक प्रतिभा वगैरे विचारतात तेव्हा मी गप्प बसतो.

आता भिंतीकडे येऊ. अँडीने रेडकडून एक वीतभर लांबीची, दगड फोडायची हातोडी मागवून घेतलेली असते. दगडांचा छंद आहे, बुद्धिबळाच्या सोंगट्या घडवायच्या आहेत, असं तो सांगतो आणि ते खरंही असतं. सात डॉलरची वस्तू रेड दहाला देतो. या हातोडीने भिंत फोडायला सहाशे वर्षं लागतील असं म्हणून रेड हसतो. अँडीला वीसही लागत नाहीत. भिंतीवर आधी रिटा हेवर्थचं पोस्टर, मग मेरिलिन मन्रोचं, मग रॅकेल वेल्चचं. नट्यांचे चेहरे बदलतात तसा काळ पुढे सरकतो, आणि पोस्टरामागचं भोक रोज चिमूटभर मोठं होत जातं. रात्री निघालेली माती दुसऱ्या दिवशी विजारीतून मैदानावर सोडून द्यायची.

आपल्याकडे दुकानादुकानांतून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करत फिरणारा पिग्मी एजंट असतो. अँडीचा व्यवहार हा पिग्मीचाच, फक्त उलटा. रोज थोडी भिंत काढायची आणि मैदानात भरायची. पासबुक मात्र कुणाला दाखवायचं नाही, जिवलग मित्रालासुद्धा नाही. रेडला शेवटपर्यंत पत्ता नसतो. आशेबद्दल चार शब्द अँडी उघडपणे बोलतो. प्रत्यक्ष कामाबद्दल एकोणीस वर्षांत एक अक्षर नाही.

आणि इथेच एक गोष्ट सांगायला हवी, जी स्फूर्तिदायक भाषणांत गाळली जाते. भिंत ठिसूळ होती. स्वतःचं नाव कोरायला म्हणून अँडीने हातोडी टेकवली तर ढपलाच निघाला. काँक्रीट पक्कं असतं तर? जगात पक्क्या भिंतींचे तुरुंगच जास्त असतात. चिकाटीला यश येतंच असं हा चित्रपट म्हणतो, असं मला वाटत नाही. पत्र लिहिताना उत्तर येईल याची खात्री अँडीला नव्हती. ढपला निघेल हे तर त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण ढपला निघाला त्या रात्री हातात हातोडी होती.

रेडचं मत अगदी उलट आहे. तो जेवणाच्या टेबलावर अँडीला बजावतो की आशा ही धोक्याची वस्तू आहे, इथे तिने माणूस वेडा होतो. भाषणं करणारे रेडचं हे बोलणं खोडून काढायची घाई करतात. मला वाटतं, चित्रपट रेडलाही पुरेपूर न्याय देतो, आणि तो देतो ब्रूक्सच्या गोष्टीतून.

ग्रंथालयाचा हा म्हातारा १९०५ साली आत आलेला असतो. १९५४मध्ये त्याला पॅरोल मिळतो. बातमी कळल्यावर तो आनंदाने नाचत नाही, एका सोबत्याच्या गळ्याला सुरा लावतो, म्हणजे गुन्हा घडेल आणि आपल्याला इथेच ठेवतील. बाहेर त्याला किराणा दुकानात ग्राहकांच्या पिशव्या भरायचं काम मिळतं. हात दुखतात, व्यवस्थापक ओरडतो, रस्त्यावर मोटारी अंगावर येतात. लहानपणी एक मोटार पाहिल्याचं त्याला आठवतं, आता जिकडे तिकडे मोटारीच. पाळलेला कावळा भेटायला येईल म्हणून तो बागेत पाव घेऊन बसतो. कावळा येत नाही. एके दिवशी तो खोलीच्या तुळईवर आपलं नाव कोरतो आणि आयुष्य संपवतो. जेम्स व्हिटमोर या वयोवृद्ध नटाने ही दहा-बारा मिनिटं अशी केली आहेत की त्यानंतर पंख्याचा आवाजही नकोसा वाटतो.

आमच्या एका तालुक्याच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. सदतीस वर्षं नोटा मोजल्या. निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. सोमवारी सकाळी पावणेदहाला ते शाखेच्या दारात उभे. मंगळवारीही. आम्ही आधी थट्टा केली, मग चहा दिला, मग आमच्या लक्षात आलं की त्यांना खरोखरच दुसरीकडे कुठे जावं ते माहीत नाही. ग्राहकांच्या बाकावर ते बसायचे आणि नव्या कॅशियरची बोटं पाहत राहायचे. भाजीवाल्याला द्यायचे तीस रुपयेही दोनदा मोजतात, असं त्यांच्या घरून कळलं होतं. ते दीड वर्षात गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं.

रेडला ब्रूक्सचं दुखणं नेमकं कळतं. तो म्हणतो त्याचा अर्थ असा की, या भिंतींचा आधी राग येतो, मग सवय होते आणि पुरेसा काळ गेला की त्यांच्याशिवाय उभंच राहता येत नाही. यातून तुरुंगाबाहेरची माणसंही सुटत नाहीत. नोकरीची भिंत, संसाराची भिंत, मोठ्या साहेबांच्या सहीची भिंत. ब्रूक्सला पुस्तकं होती, मान होता, मित्र होते. पण त्याने भिंतीत एकही भोक पाडलं नव्हतं, कारण त्याला ती भिंत म्हणून दिसायचीच बंद झाली होती. आयुष्याच्या शेवटी कुणीतरी येऊन दार उघडलं तेव्हा बाहेर जाऊन करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. निवृत्तीला आलेल्या प्रत्येकाने हा भाग पाहावा. भविष्यनिर्वाह निधीच्या माहितीपुस्तिकेपेक्षा तो उपयोगी आहे.

पॅरोलच्या मुलाखतींचाही एक वेगळा चटका आहे. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी रेड त्या टेबलासमोर उभा राहतो. पहिल्या दोन वेळा तो पाठ केलेलं बोलतो, मी सुधारलो साहेब, समाजाला माझ्यापासून भीती नाही. दोन्ही वेळा नामंजुरीचा शिक्का. कर्जासाठी आलेल्या माणसांचे पाठ केलेले चेहरे मी इतके पाहिले आहेत की फ्रीमनच्या त्या लाचार हसण्याकडे माझ्याने बघवत नाही. तिसऱ्या वेळी, १९६७ साली, तो थकलेला असतो. सुधारणा हा तुमचा शब्द आहे, त्या वेळच्या मूर्ख पोराशी बोलावंसं वाटतं पण तो राहिलेला नाही, मारा तुमचा शिक्का आणि माझा वेळ घालवू नका, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. शिक्का पडतो तो मंजुरीचा.

बाहेर आल्यावर त्याला ब्रूक्सचंच दुकान आणि ब्रूक्सचीच खोली मिळते. शौचाला जायचं तरी तो व्यवस्थापकाची परवानगी मागतो. व्यवस्थापक सांगतो, दर वेळी विचारायला नको. (निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे मीही बायकोला ‘अर्ध्या तासात येतो’ असं वेळ सांगून कोपऱ्यावर जात असे. हालचाल रजिस्टर डोक्यातून पुसायला वेळ लागतो.)

रेडचा ब्रूक्स होत नाही, कारण त्याच्याकडे एक काम असतं. अँडीने तुरुंगात असतानाच त्याच्याकडून वचन घेतलेलं असतं. बक्स्टन गावाजवळच्या कुरणात मोठ्या ओकच्या झाडाखाली दगडी कुंपण आहे, त्यात एक काळा, काचेसारखा दगड आहे, त्याच्याखाली काय ते बघ. अँडी मित्राला उपदेश करत नाही, ‘उमेद धर’ म्हणत नाही. पत्ता देतो.

बँक अधिकारी म्हणून एका गोष्टीवर बोट ठेवल्याशिवाय मात्र मला हा चित्रपट सोडता येत नाही. अँडी निर्दोष आत येतो, पण आत आल्यावर निर्दोष राहत नाही. वॉर्डन कैद्यांना फुकटात राबवून कंत्राटदारांकडून पाकिटं घेतो आणि तो सगळा काळा पैसा धुऊन पांढरा करतो अँडी. त्यासाठी त्याने टपालाने एक माणूसच निर्माण केलेला असतो, रँडल स्टीव्हन्स. जन्माचा दाखला, वाहन परवाना, सोशल सिक्युरिटी क्रमांक, सगळं आहे, माणूस नाही. आजच्या वाचकाला हे अशक्य वाटेल. पण ‘आपला ग्राहक ओळखा’ हा नियम आपल्या रिझर्व्ह बँकेने आणला तो २००२मध्ये. त्याआधी जुन्या खातेदाराची ओळखीची सही मिळाली की नव्याचं खातं उघडत होतं.

अँडी स्वतःच कबूल करतो की बाहेर मी सरळमार्गी होतो, लबाडी शिकायला तुरुंगात यावं लागलं. हे ऐकून आपण हसतो. पण १९६५ साली टॉमी नावाचा पोरगा तुरुंगात येतो, खरा खुनी कोण ते त्याला ठाऊक असतं, आणि वॉर्डन त्याला गोळी घालवतो, ते का? हिशेब राखणारा हा माणूस सुटला तर आपलं बिंग फुटेल म्हणून. म्हणजे अँडीच्या कौशल्यानेच त्याची बेडी घट्ट केली होती. त्याने वाढवलेलं, परीक्षेला बसवलेलं पोर त्यात गेलं. चित्रपट इथे रेंगाळत नाही. मी रेंगाळतो.

१९६६च्या वादळी रात्री अँडी पाचशे यार्डांच्या मैल्याच्या नळातून सरपटत बाहेर पडतो. पावसात हात पसरून उभा राहतो ते चित्र सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात आहे ती दुसरी सकाळ. वॉर्डनचा सूट घालून रँडल स्टीव्हन्स बँकेत येतो, खातं बंद करतो, बँकेचा चेक घेतो. शहरातल्या जवळजवळ डझनभर बँकांतून त्या दिवशी तीन लाख सत्तर हजारांवर डॉलर निघतात. काउंटरवरचा माणूस आदबीने विचारतो, आणखी काही सेवा? अँडी एक पाकीट पुढे करतो, एवढं तुमच्या टपालात टाका. त्यात वॉर्डनचे खरे हिशेब असतात, वर्तमानपत्रासाठी. गुन्हेगाराचं बिंग त्याच्याच बँकेच्या आउटवर्ड रजिस्टरमधून, बँकेच्या तिकिटावर जातं. हा विनोद आमच्या व्यवसायातल्या माणसांसाठीच राखून ठेवला असावा.

चित्रपटाचं स्वतःचं नशीबही असंच निघालं. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून तो झाला, आणि १९९४च्या हंगामात तिकीटखिडकीवर जेमतेम एक कोटी साठ लाख मिळाले. नाव लोकांच्या जिभेवर बसेना. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुतळा एकही नाही. ते वर्ष ‘फॉरेस्ट गम्प’चं होतं. मग १९९५मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने जाऊ लागल्या, १९९७पासून अमेरिकेतल्या टीएनटी वाहिनीने तो पुन्हा पुन्हा लावला, आणि घरात बसून, जेवता जेवता, मधूनच पाहणाऱ्या माणसांनी त्याला उचललं. मीही तो असाच, केबलवर, जाहिरातींच्या मधे मधे पाहिला. प्रेक्षकांच्या मतांवर ठरणाऱ्या आयएमडीबीच्या यादीत तो २००८ साली पहिला आला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. २०१५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याची निवड झाली.

डॅराबाँटचीही चिकाटी कमी नव्हती. हंगेरीतून पळून आलेल्या आईबापांच्या पोटी, फ्रान्समधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला हा माणूस. पटकथा लिहून झाल्यावर रॉब रायनरसारख्या नावाजलेल्या दिग्दर्शकाने ती स्वतः करण्यासाठी अडीच दशलक्ष डॉलर देऊ केले होते, असं सांगतात. डॅराबाँटने ते नाकारले आणि स्वतःच दिग्दर्शन केलं. किंगला त्याने हक्कांपोटी पाच हजार डॉलरचा चेक दिला होता. तो किंगने कधी वटवलाच नाही. पुढे फ्रेम करून डॅराबाँटला परत पाठवला, सोबत चिठ्ठी, की कधी जामिनाला पैसे लागले तर असू दे. बँकेच्या भाषेत तो चेक केव्हाच शिळा झालेला होता. त्याच्याइतकी किंमत असलेला चेक माझ्या टेबलावरून कधी गेला नाही.

ओहायोतल्या मॅन्सफिल्डच्या ज्या बंद पडलेल्या तुरुंगात चित्रण झालं, तो बघायला आता माणसं तिकीट काढून जातात. ते ओकचं झाड मात्र राहिलं नाही. २०११मध्ये त्याच्यावर वीज पडली आणि २०१६च्या वाऱ्यात उरलेलंही कोसळलं.

शेवटाबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. किंगची गोष्ट संपते तेव्हा रेड अजून वाटेवर असतो. मित्र भेटेल का, समुद्र तसाच निळा असेल का, हे त्याला माहीत नसतं. डॅराबाँटलाही म्हणे बसमध्येच थांबायचं होतं, पण निर्मात्यांनी भेट हवी म्हणून आग्रह धरला. मग कॅरिबियन बेटावरचा एक किनारा मेक्सिकोचा म्हणून दाखवला गेला. मला बस पुरते. चाळीस वर्षांनी पॅरोल मोडून, खिडकीबाहेर हात काढून बसलेला तो म्हातारा, एवढं बास. बायकोचं म्हणणं, इतकी वर्षं थांबलेल्या दोन माणसांची भेट दाखवली तर तुमचं काय जातं? परवा पुन्हा लागला होता. बस निघाली तसा मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर ते दोघं एकमेकांकडे चालत निघाले होते आणि ही पदराने डोळे टिपत होती. तांब्या हातात धरून उरलेलं मी उभ्यानेच पाहिलं.